दमणच्या पेट्या, पालघरच्या गोळ्या

फेब्रुवारी २०२५ च्या २१ आणि २२ तारखेला केंद्राची आणि राज्याची औषध नियंत्रण यंत्रणा एकत्र येऊन अ‍ॅव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीत शिरली. कंपनी मुंबईची, कारखाना पालघर जिल्ह्यातला. पथकाने सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल आणि कच्च्या औषधाच्या २६ बॅचेस ताब्यात घेतल्या आणि उत्पादन बंद करण्याचा हुकूम बजावला. मुंबईच्या एअर कार्गोत घानाला निघालेला माल अडवण्यात आला. या गोळ्यांमध्ये दोन औषधं एकत्र होती. टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध. दोघांनाही आपल्याकडे सुटी सुटी मान्यता आहे, एकत्र गोळीला नाही.

झडतीला निमित्त झालं ते बीबीसीच्या शोधपत्रकारितेचं. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीचे एक संचालक बोलले होते. हे आरोग्याला फार वाईट आहे, पण हल्ली धंदा असाच चालतो, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. त्याच चित्रफितीत घानाच्या उत्तरेतलं तमाले शहर दिसतं. तिथले एक स्थानिक प्रमुख अल्हासन माहम यांनी गावातली शंभरेक माणसं गोळा करून एक दल उभं केलं होतं. विक्रेत्यांना पकडायचं, लाल गोळ्यांची पाकिटं हिसकावून घ्यायची आणि भर चौकात पेटवून द्यायची. ‘मेड इन इंडिया’ असा शिक्का असलेली ती पाकिटं जळत असताना भोवती उभ्या पोरांचे चेहरे पाहवत नाहीत.

आपल्याकडे पुढचे काही दिवस बोलणं झालं ते परवान्याचं, निर्यातीच्या ना हरकत प्रमाणपत्राचं आणि देशाच्या नावाला लागलेल्या बट्ट्याचं. ते व्हायलाच हवं होतं. पण ही गोळी प्रमाणाबाहेर पोटात गेलेल्या माणसाला वाचवायचं कसं, आणि तो पालघर जिल्ह्यातल्याच बोईसरच्या एखाद्या चाळीत पडला असता तर काय झालं असतं, हे कुणी फारसं विचारलं नाही. पालघरच्या या किनाऱ्याचा इतिहास पाहिला तर ही उपेक्षा नवी नाही. माल बाहेर पाठवण्याची व्यवस्था इथे दोनशे वर्षं चोख आहे. उतारा मात्र नेहमी मागून आला, आणि तोही अर्धामुर्धा.

*

१७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तिथे कामी आले. मे महिन्यात वसई पडली. माहीम, केळवे, डहाणू हा सगळा पट्टा मराठ्यांकडे आला, पण उत्तरेचं दमण पोर्तुगीजांकडेच राहिलं, थेट १९६१ पर्यंत. तारापूरहून किनाऱ्याकिनाऱ्याने निघालं तर दमण काही फार लांब नाही. हे छोटंसं बंदर तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. ते नकाशावर ठळक झालं अफूमुळे.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची बंगाल-बिहारच्या अफूवर मक्तेदारी होती. माळव्यात पिकणारी अफू मात्र शिंदे-होळकरांच्या मुलखातली. १८१८ मध्ये पेशवाई संपली तरी ही अफू कंपनीच्या मुठीत येईना. कंपनीने मुंबईचा रस्ता अडवला, तर व्यापाऱ्यांनी वाट वाकडी केली. माळव्यातून राजपुताना, जैसलमेरवरून सिंधमध्ये कराची, आणि तिथून गलबताने दमण. दमणला पोर्तुगीज कर भरायचा आणि माल चीनकडे रवाना करायचा. उंटांच्या पाठीवरचा हा लांबचा फेरा परवडत होता, यावरूनच चीनमध्ये भाव काय असेल याची कल्पना यावी. शेवटी कंपनीने हात टेकले आणि १८३० च्या सुमारास पेटीमागे ठरावीक रक्कम घेऊन मुंबईमार्गे परवाने द्यायला सुरुवात केली. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीचा रस्ता बंद झाला आणि दमणची भरभराट संपली. पेटीमागचा कर मग चढतच गेला.

मधल्या काळात, १८३९ च्या जूनमध्ये, लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने कँटनजवळ हुमेन इथे परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून चर खणून, मीठ आणि चुना टाकून नष्ट केल्या. त्यांत माळव्याच्या पेट्याही होत्या, म्हणजे याच किनाऱ्यावरून गेलेल्या. तमालेच्या चौकातली आग पाहताना लिन झेशू आठवतो तो यासाठी. त्याच्यामागे बादशहा होता, माहम यांच्यामागे गावकरी होते, एवढाच फरक. लिनच्या त्या कृतीवरून युद्ध पेटलं आणि चीन हरला.

अफूच्या आणि कापसाच्या चिनी व्यापारात ज्यांनी अफाट पैसा मिळवला त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय अग्रभागी. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं, शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज. जमशेटजींचं दातृत्व खोटं नव्हतं. त्यांना खलनायक करून आपण सुटू शकत नाही. पण ज्या व्यापाराने हे रुग्णालय उभं केलं त्याच मालाने विषबाधा झालेले रोगी याच रुग्णालयाच्या दारात येत राहिले, हेही तितकंच खरं.

*

ते रोगी कोण होते? एक वर्ग आत्महत्या करणाऱ्यांचा. अफू सहज मिळे, वेदना न होता मरण येतं असा समज होता. दुसरा वर्ग अधिक करुण आहे.

गिरणीत पाळीला जाणारी बाई तान्ह्या मुलाला घरी ठेवून जाई. ते दिवसभर रडू नये, झोपून राहावं म्हणून सकाळी त्याला ‘बाळगोळी’ चाटवली जाई. ही अफूची गोळी बाजारात मिळे. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी नोंदवून ठेवलं आहे की कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. अठ्ठ्याण्णव! आईला दोष देणं सोपं आहे. परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत, पाळणाघर नसताना, दिवसदिवसभर यंत्रावर उभ्या राहणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं होतं, याचं उत्तर गिरणीमालकांकडेही नव्हतं. तान्ह्या मुलाला अफूची अगदी थोडी मात्राही जास्त होते. त्यात रोज थोडी अधिक द्यावी लागते, आणि एखाद्या दिवशी मूल उठतच नाही. अशा किती मृत्यूंची ‘आकडी’ किंवा ‘अशक्तपणा’ म्हणून नोंद झाली असेल, कोण जाणे.

मोठ्या माणसाने अफू खाल्ली तर डॉक्टर काय करत? ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवणारे आणि मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करण अधिकारी असलेले इसिडोर लायन यांनी १८८९ मध्ये हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचं पुस्तक लिहिलं. त्या काळची सगळीकडची रीत अशी होती: पोटात नळी घालून धुवून काढायचं, काळी कडक कॉफी पाजायची आणि रोग्याला झोपू द्यायचं नाही. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी बखोटीला धरून त्याला व्हरांड्यात फिरवायचं, तोंडावर गार पाणी मारायचं, ओल्या टॉवेलाचे फटके द्यायचे, विजेचे झटके द्यायचे. झोपला की मेला, हे सूत्र. १८९४ मध्ये विल्यम मूर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने सहकाऱ्यांसमोर मॉर्फिन खाऊन लगेच पोटॅशियम परमँगनेट प्यायलं आणि जिवंत राहून दाखवलं. तेव्हापासून गुलाबी पाण्याने पोट धुणं हा जगभरचा रिवाज झाला. ते पोटात उरलेली अफू निकामी करी. रक्तात गेलेल्या अफूवर त्याचा काडीचा उपयोग नसे.

रोग्याला फिरवण्याची ही पद्धत अडाणीपणाची वाटते, पण तिच्यात एक निरीक्षण बरोबर होतं. अफूने माणूस मरतो तो झोपेने नव्हे, श्वास थांबल्याने. मेंदूच्या देठाशी श्वासाचं जे केंद्र आहे ते रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची चाहूल घेऊन छातीला हलवत असतं. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, टॅपेंटाडॉल, सगळी याच केंद्राला गुंगवतात. जागा असलेला माणूस निदान ‘श्वास घे’ म्हटल्यावर घेतो. झोपला की तेही संपतं. जुन्या डॉक्टरांनी चूक एवढीच केली, की त्यांनी झोपेशी झुंज दिली, श्वासाशी नाही.

*

खऱ्या उताऱ्याची पहिली चाहूल १९१५ मध्ये लागली. युलिउस पोल या जर्मन संशोधकाने कोडीनच्या रेणूत थोडा फेरफार केला. हे नवं द्रव्य मॉर्फिनने मंदावलेला श्वास परत वाढवतं, असं त्याच्या ध्यानात आलं. महायुद्ध चालू होतं, कुणी लक्ष दिलं नाही. जवळपास पंचवीस वर्षांनी तोच धागा पकडून नॅलॉर्फिन तयार झालं आणि १९५० च्या सुमारास ते माणसांवर वापरलं जाऊ लागलं. पण त्याचा स्वभाव दुटप्पी होता. मॉर्फिन जास्त झालेल्या रोग्याला ते शुद्धीवर आणी. रोग्याच्या अंगात मॉर्फिन नसून दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर मात्र त्याचा श्वास ते आणखी दाबून टाके. बेशुद्ध माणसाने काय घेतलं आहे हे नक्की कुठे माहीत असतं?

१९६० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक फिशमन आणि मोझेस लेव्हेनश्टाइन यांनी नॅलॉक्सोन बनवलं. ते निव्वळ विरोधी होतं, स्वतःचा अंमल शून्य. अंगात अफूजन्य काही नसेल तर ते देऊन काहीच बिघडत नाही. त्याचं काम समजायला सोपं आहे. मेंदूतल्या ज्या खुर्चीवर मॉर्फिन बसतं तिथून नॅलॉक्सोन त्याला ढकलून स्वतः बसतं आणि बसल्यावर काहीही करत नाही. शिरेतून दिलं तर एक-दोन मिनिटांत श्वास सुरू होतो. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली. फिशमन यांच्या सावत्र मुलाचा २००३ मध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेने मृत्यू झाला. उतारा शोधणाऱ्याच्याच घरात तो वेळेवर पोचला नाही.

औषध रुग्णालयात होतं आणि माणसं मरत होती घरात, गल्लीत, शौचालयात. ही दरी आधी ओलांडली ती डॉक्टरांनी नाही, शिकागोतल्या डॅन बिग आणि त्यांच्या साथीदारांनी. १९९६ पासून त्यांनी नॅलॉक्सोनच्या कुप्या थेट व्यसनी माणसांच्या हातात द्यायला सुरुवात केली. कायद्याच्या दृष्टीने ते बसत नव्हतं. पुढे तेच धोरण झालं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की अतिमात्रा पाहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकाला, म्हणजे मित्र, घरचे, समाजसेवक सगळ्यांना, हे औषध आणि ते देण्याचं शिक्षण मिळावं. २०२३ मध्ये अमेरिकेत नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली.

*

आपल्या बाजूला काय चाललं होतं? १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, हेरॉइनचे जुने रस्ते बदलले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची पूड, आली. पन्नीवर पूड ठेवून खालून काडी पेटवायची आणि नळीने धूर ओढायचा. चार-पाच वर्षांत कामाठीपुऱ्यापासून कॉलेजच्या कट्ट्यांपर्यंत गर्दुल्ले दिसू लागले. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस आला. अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये पुढे केले आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झालं. महाराष्ट्रात व्यसनाकडे गुन्हा म्हणून न पाहता आजार म्हणून पाहायची सवय लावली ती या मंडळींनी. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

पण त्या काळात अतिमात्रेची आणीबाणी आपल्या चर्चेत आलीच नाही, याला कारण आहे. ओढलेली गर्द झुरक्याझुरक्याने थोडी थोडी अंगात जाते. ओढणारा माणूस पन्नी हातातून गळेपर्यंतच ओढतो, मग आपोआप थांबतो. तो मरतो क्षयाने, उपासमारीने, रेल्वे रुळांवर. सुईने घेणाऱ्याला ही संधी मिळत नाही. मणिपूर-नागालँडमध्ये म्यानमारहून येणारं पांढरं हेरॉइन सुईने घेतलं जाई. तिथे तरणी पोरं सुई दंडात असतानाच जात होती. म्हणून तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी दोन हजारनंतरच्या दशकात नॅलॉक्सोन हाताशी ठेवायला, कार्यकर्त्यांना ते द्यायला शिकवायला सुरुवात केली. देशात या बाबतीत सगळ्यात जास्त शहाणपण आजही ईशान्येकडे आहे. महाराष्ट्राने ते मागवून घेतलं नाही. आपल्याकडे गरजच नाही असं आपण धरून चाललो.

आणि मग गोळी आली. गोळीत आणि सुईत एक साम्य आहे. गिळली की ती परत घेता येत नाही. वर ती उशिरा चढते. दोन घेऊन अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून माणूस आणखी दोन घेतो. सगळ्या मिळून एकदम चढतात तेव्हा तो झोपलेला असतो.

या गोळीचा वंश असा. नव्वदीनंतर ट्रॅमाडॉल हे सौम्य म्हणून खपवलेलं वेदनाशामक भारतातून पश्चिम आफ्रिकेत भरमसाट जाऊ लागलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये भारताने ट्रॅमाडॉल एनडीपीएसच्या यादीत घातलं. त्याच सुमारास नायजेरियाने कोडीनच्या खोकल्याच्या औषधांवर बंदी आणली. एक दार बंद झालं की बाजार शेजारचं दार शोधतो. टॅपेंटाडॉलला भारतात २०११ पासून मान्यता होती आणि ते एनडीपीएसच्या यादीत नव्हतं. त्याच्या जोडीला कॅरिसोप्रोडॉल घातलं, जे युरोपच्या औषध यंत्रणेने २००७ मध्येच गैरवापराच्या धोक्यामुळे बाजारातून काढायला सांगितलं होतं. दमणचे व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीने रस्ता अडवल्यावर जैसलमेरवरून वळले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना उंट लागला नाही, रेणू बदलला की काम झालं. बीबीसीच्या बातमीनंतर लगेचच केंद्राने या जोडगोळीच्या निर्यातीची आणि उत्पादनाची सगळी परवानगी मागे घ्यायला राज्यांना सांगितलं. म्हणजे हे काम झटपट होण्यासारखं होतं.

*

आता तो रोगी समोर आणू. नाव नको, तो कुणीही असेल. पाठदुखीवर मेडिकलमधून मिळणाऱ्या गोळ्यांची सवय लागलेला ट्रकचालक, दोन पाळ्या सलग करणारा कामगार, किंवा पावडर विभागात मास्क खाली करून पोती ओतणारा पोरगा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक होते आणि मदतीची गरज असलेले त्यातले ७७ लाख. यात गर्दवाल्यांच्या खालोखाल गोळ्या-औषधंवाले होते. हे आफ्रिकेचं दुखणं आहे, असं म्हणून पालघरने निर्धास्त राहण्याचं कारण नाही.

खोलीत तो आडवा आहे. हाक मारली तर उठत नाही. घशातून खोल घुरघुर येते आहे. सोबतचे म्हणतात, ‘गाढ झोपलाय, झोपू दे.’ ही घुरघुर घोरणं नाही. जीभ मागे पडून श्वासाची वाट अर्धी बंद झाल्याचा तो आवाज आहे. ओठ-नखं निळसर. पापणी उचलून पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. छाती हलते ती मिनिटाला पाच-सहा वेळा. बेशुद्धी, बारीक बाहुली, मंद श्वास, ही तिन्ही एकत्र दिसली की दुसरं काही शोधत बसायचं नसतं.

पहिलं औषध हवा आहे. हनुवटी वर उचलून मान मागे करायची, तोंडात काही असेल तर काढायचं, आणि श्वास द्यायचा. डॉक्टरकडे असेल तर हाताने दाबून हवा देणाऱ्या अंबू बॅगने, नसेल तर तोंडाने. इंजेक्शन शोधण्यात हा वेळ घालवायचा नाही. मेंदूला प्राणवायू नाही मिळाला तर चार ते सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, हे आपलं भाग्य. पण ग्रामीण भागात गाडी अर्ध्या तासात पोचावी असं तिचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट पाळलं गेलं तरी बोईसर-चिल्हार रस्त्यावरच्या वाहतुकीतून ती येईपर्यंत आणि त्या चार मिनिटांमध्ये जो फरक उरतो तो भरून काढणारा माणूस त्या खोलीतच असावा लागतो.

डॉक्टर आला की शिरेतून नॅलॉक्सोन. कुपी ०.४ मिलिग्रॅमची असते. शीर सापडली नाही तर दंडात किंवा मांडीत. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा, मात्रा वाढवत. ज्याला जुनी सवय आहे त्याला एकदम भरपूर दिलं तर तो उठून बसतो तो ओकाऱ्या, कापरं आणि संताप घेऊनच, म्हणून थोडं थोडं द्यायचं. माणूस उठून बोलायला लागावा हे ध्येय नाही, तो नीट श्वास घ्यायला लागावा हे आहे. रक्तातली साखर लगेच तपासायची, कारण साखर घटूनही माणूस असाच पडतो.

पहिला सापळा या जोडगोळीचा खास आहे. नॅलॉक्सोनने टॅपेंटाडॉलचा अंमल उतरतो, पण कॅरिसोप्रोडॉलला उतारा नाही. शरीरात त्याचं मेप्रोबामेट होतं, जे पूर्वी चिंता कमी करणारं औषध म्हणून विकलं जायचं आणि तासन् तास टिकतं. श्वास सुधारला तरी रोगी झापडलेलाच राहतो, आणि अननुभवी डॉक्टरला वाटतं नॅलॉक्सोन चाललं नाही. ते चाललेलं असतं. उरलेलं काम वेळ आणि ऑक्सिजन करतात, गरज पडली तर नळी घालून व्हेंटिलेटर. दुसरा सापळा वेळेचा. नॅलॉक्सोन अर्धा ते दीड तास टिकतं, टॅपेंटाडॉल त्याहून खूप जास्त. शुद्धीवर आलेला पेशंट ‘मी बरा आहे’ म्हणून सही करून घरी जातो, आणि औषध उतरलं की घरी झोपेत पुन्हा श्वास मंदावतो. अशा पेशंटला किमान काही तास, लांब चालणारी गोळी असेल तर रात्रभर, नजरेखाली ठेवावं लागतं.

तिसरा सापळा वैद्यकाचा नाहीच. विषबाधेचा रोगी म्हणजे एमएलसी, म्हणजे पोलिसांना वर्दी. एनडीपीएसच्या २७ व्या कलमाखाली सेवन हाही गुन्हा आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याने आता संरक्षण आहे, अतिमात्रेच्या वेळी फोन करणाऱ्या मित्राला तसं काहीच नाही. तो १०८ लावण्याआधी दहा मिनिटं विचार करतो, आणि त्या दहा मिनिटांत निकाल लागलेला असतो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. गंभीर रोग्याला सिल्वासा, वलसाड किंवा ठाण्या-मुंबईला हलवावं लागतं ही इथल्या लोकांची तक्रार जिल्ह्याच्या वयाएवढीच जुनी आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट, आग, वायुगळती यांसाठी आराखडे आहेत, मॉक ड्रिल होतात, सायरन वाजतात. त्या आराखड्यांत अफूजन्य औषधाच्या अतिमात्रेचंही एक पान असावं. नॅलॉक्सोन भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते इथेच, औषधांच्याच जिल्ह्यात, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्रत्येक १०८ मध्ये आणि अशी पावडर हाताळणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या प्रथमोपचार खोलीत असायला काय हरकत आहे? अन्न व औषध प्रशासनाने परवाना देताना ही अट घालावी, आणि अंबू बॅग दाबायला शिकलेली दोन माणसं प्रत्येक पाळीत असावीत. मदतीसाठी फोन करणाऱ्याला पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षण देणारा कायदा करण्याची मागणी इथल्या आमदार-खासदारांनी लावून धरावी.

तोवर वाचकाने एवढं लक्षात ठेवावं: कुणी गोळ्या घेऊन घुरघुरत पडला असेल तर तो झोपलाय असं समजून सोडून देऊ नका. १०८ लावा, हनुवटी वर करा, श्वास द्या, आणि श्वास स्वतः सुरू झाला की कुशीवर वळवून गाडी येईपर्यंत शेजारी बसून राहा.